पडलेली लेन्स: काच शाबूत असली तरी काय तपासायचं

लेन्स पडली की आपण ती उचलून आधी पुढची काच बघतो आणि ती फुटलेली नसली की सुटलो म्हणतो. पण पडल्यावर काच फुटणं तसं कमीच घडतं. मार बसतो तो माउंटला (लेन्स कॅमेऱ्याला जोडणाऱ्या कड्याला), फोकसच्या यंत्रणेला आणि आतल्या भिंगांच्या जुळणीला. हे वरवर बघून कळत नाही, तपासावंच लागतं. त्यासाठी टॉर्च, ब्लोअर (धूळ उडवायचा हवेचा फुगा) आणि ट्रायपॉड एवढं पुरतं.

एक पथ्य आधी. पडलेली लेन्स लगेच कॅमेऱ्यावर चढवून बघू नका. कॅमेऱ्यासकट पडली असेल तर कॅमेरा बंद करून बॅटरी काढा आणि लेन्स हलक्या हाताने उतरवा. निघत नसेल तर जोर न लावता दोन्ही तशीच दुरुस्तीला न्या. वाकलेला माउंट दामटून फिरवला की बॉडीचाही, म्हणजे कॅमेऱ्याचाही, माउंट जातो आणि एका खर्चाचे दोन होतात.

फिल्टर आणि काच

लेन्सच्या तोंडावर बसवलेला यूव्ही फिल्टर फुटला असेल तर तो लगेच फिरवून काढायला जाऊ नका. फिरवताना काचेचा चुरा पुढच्या भिंगावर घासतो आणि पडूनही न आलेले ओरखडे आपल्या हातून येतात. लेन्सचं तोंड जमिनीकडे करा, ब्लोअर मारा, सुटे तुकडे गळू द्या, मग फिल्टर काढा. कापड सगळ्यात शेवटी. फिल्टरची कडा चेपून अडकली असेल तर पक्कड नको, ते काम दुरुस्तीवाल्याचं.

आता टॉर्च तिरकी धरून दोन्ही बाजूंनी आत बघा. टॉर्चच्या उजेडात चांगल्या लेन्समधली धूळही भयंकर दिसते, तिच्याकडे दुर्लक्ष करा. शोधायचं ते भिंगाच्या कडेचा टवका, तडा किंवा एका बाजूला कललेलं भिंग. पुढच्या काचेवरचा एखादा बारीक ओरखडा फोटोत सहसा दिसत नाही. मागच्या काचेवरचा मात्र त्रास देऊ शकतो.

माउंट, आवाज, रिंग

माउंट डोळ्यांच्या रेषेत धरून गोल फिरवत बघा. अनेक किट लेन्सचा (कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या स्वस्त लेन्सचा) माउंट प्लास्टिकचा असतो. त्याचा दात तुटला तर लगेच कळतं. धातूचा माउंट सहसा तुटत नाही, किंचित वाकतो, म्हणून जास्त फसवतो. स्क्रू सैल झाले असतील तर घरी उघडझाप करू नका. बऱ्याच लेन्समध्ये त्याखाली कागदासारख्या पातळ पट्ट्या असतात, भिंगांचं सेन्सरपासूनचं अंतर त्यांवर बेतलेलं असतं.

मग लेन्स कानाजवळ धरून हळूच हलवा. खडखड ऐकू आली म्हणजे मोडलीच असं नाही. स्टॅबिलायझर (हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी यंत्रणा) असलेल्या काही लेन्स, तसंच लिनियर मोटरवर फोकस होणाऱ्या काही लेन्स, बंद असताना मुळातच वाजतात. फूजीची ९० मिमी एफ/२ तर त्यासाठी प्रसिद्धच आहे. आवाज पडण्याआधी होता का, हा खरा प्रश्न.

झूम आणि फोकसची रिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. एकाच ठिकाणी अडकत किंवा घासत असेल तर आतली नळी वाकलेली असू शकते.

कॅमेऱ्यावर चढवल्यावर

माउंट ठीक दिसला तरच लेन्स चढवा. ती सहज फिरून खटका बसला पाहिजे. फिरवण्याच्या दिशेने केसभर ढिली लागली तर चालतं, पण वर-खाली डुगडुगता कामा नये.

अ‍ॅपर्चरसाठी (लेन्समधलं उजेड आत सोडणारं पात्यांचं छिद्र; एफचा आकडा मोठा तितकं ते लहान) कॅमेरा मॅन्युअलवर ठेवा, ऑटो आयएसओ (कॅमेऱ्याने उजेडाची संवेदनशीलता आपोआप बदलणं) बंद करा आणि एकसारख्या उजेडातल्या भिंतीचे फोटो काढा: एफ/२.८ ला १/१००० सेकंद, एफ/४ ला १/५००, एफ/५.६ ला १/२५०, एफ/८ ला १/१२५. उजेड कमी-जास्त वाटला तर सगळे आकडे त्याच प्रमाणात सरकवा. सगळे फोटो साधारण सारखेच उजळ यायला हवेत. पुढचे पुढचे फोटो उजळत गेले तर पाती नीट मिटत नाहीत.

ऑटोफोकस जवळ-लांब चार-पाच वेळा करून बघा. स्टॅबिलायझर चालू केल्यावर चित्र उडी मारत असेल तर तो गेला.

खरी परीक्षा: चारही कोपरे

आतलं एखादं भिंग जरासं सरकलं की फोटोची एक बाजू धूसर येते. शूटिंगच्या घाईत हे लक्षात येत नाही, मोठी प्रिंट काढताना कळतं. म्हणून हे नीट वेळ देऊन करा, शक्यतो सकाळी, ऊन तापायच्या आत. तापलेल्या हवेत लांबचं सगळंच थरथरतं.

ट्रायपॉड लावा, स्टॅबिलायझर बंद करा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवा. लांबच्या इमारतीवरची ठळक अक्षरं किंवा जाळी निवडा. ती फ्रेमच्या मधोमध आणून स्क्रीनवर मोठं करून फोकस करा आणि फोकस मॅन्युअलवर टाका. आता फोकसला हात न लावता तीच अक्षरं एकेका कोपऱ्यात आणून फोटो काढा. कोपरे मध्यभागापेक्षा कमी स्पष्ट असणारच. तुलना करायची ती कोपऱ्यांची आपापसात. तीन सारखे आणि एक पुसट असेल तर जुळणी बिघडली आहे. झूम असेल तर दोन्ही टोकांना आणि मधे असं तीनदा करा. २४-७० सारखी लेन्स एका टोकाला उत्तम आणि दुसऱ्या टोकाला बिघडलेली निघू शकते.

भिंतीचे फोटो काढून ताडणाऱ्यांची एक अडचण असते: कॅमेरा भिंतीला समांतर नसला तरी एक बाजू पुसट येते. अशा वेळी कॅमेरा उलटा करून पुन्हा फोटो काढा. लेन्सचा दोष फ्रेमच्या त्याच कोपऱ्यात राहतो, मांडणीचा दोष भिंतीच्या त्याच भागाबरोबर जागा बदलतो.

दोष दिसला तरी लेन्सवर खापर फोडण्याआधी दुसरी लेन्स लावून तीच चाचणी करा. तोच कोपरा पुन्हा पुसट आला तर बॉडीचा माउंट किंवा सेन्सर तिरका झालेला असू शकतो. कॅमेऱ्यासकट पडल्यावर हे होतं.

दुरुस्तीला देताना हे फोटो सोबत न्या आणि पडल्याचं लपवू नका. पडल्याचं नुकसान नेहमीच्या वॉरंटीत येत नाही, आणि लपवलं तर तंत्रज्ञ भलतीकडेच शोधत बसतो. विमा असेल तर काही उघडायच्या आत बाहेरून फोटो काढून ठेवा. खर्चाचा अंदाज लेखी घ्या. जुन्या किट लेन्ससाठी तो बहुतेक वेळा सेकंडहँड लेन्सच्या किमतीपुढे जातो. तेव्हा दुसरी लेन्सच घ्यावी, आणि घेतानाही कोपऱ्यांची ही चाचणी दुकानाबाहेर उभं राहून करून बघावी.