होडीला पाण्याआधी पायी फिरवा

स्वतःच मार्ग काढणारी होडी करायला घेतली की सगळा जीव मोटर आणि प्रोपेलरमध्ये अडकतो. माझाही अडकला होता. प्रत्यक्षात माझे तीन आठवडे खाल्ले ते होकायंत्राने. म्हणून सांगाड्याचं थोडक्यात उरकतो.

११० मिलीमीटर व्यासाचे, १ मीटर लांबीचे दोन पीव्हीसी पाइप घ्या आणि टोकं झाकणं लावून पक्की बंद करा. असा एक पाइप पूर्ण बुडाला की साधारण साडेनऊ लिटर पाणी बाजूला सारतो. म्हणजे दोन्ही पाइप निम्मे बुडाले की एकूण साडेनऊ किलो वजन तरंगतं. माझी होडी बॅटरीसकट सहा किलोत बसते. जोडणी करण्याआधी पाइप रात्रभर पाण्याखाली दाबून ठेवा आणि आधी-नंतर वजन करा. दहा ग्रॅम जरी वाढले तरी कुठेतरी गळतंय.

सुकाणू मी ठेवलंच नाही. दोन पाइपांखाली पाण्यात चालणाऱ्या दोन मोटरी लावल्या. उजवी जोरात फिरली की होडी डावीकडे वळते. पाइपला भोक पाडावं लागत नाही, हा मोठा फायदा.

आता होकायंत्र. दहा अँपिअर वाहणाऱ्या एकट्या तारेपासून १० सेंटीमीटरवर सुमारे २० मायक्रोटेस्ला चुंबकीय क्षेत्र तयार होतं. पृथ्वीचं स्वतःचं क्षेत्र जागेनुसार २५ ते ६५. म्हणजे मोटर सुरू होताच उत्तर दिशा सरकणारच! बॅटरीच्या लाल-काळ्या तारा एकमेकींना वेणीसारखा पीळ देऊन न्या. दोन्हींतला प्रवाह उलट दिशांना असल्यामुळे त्यांची क्षेत्रं एकमेकांना बरीचशी मारतात. होकायंत्र ३० सेंटीमीटर उंच अ‍ॅल्युमिनियमच्या दांडीवर चढवा, स्क्रू पितळेचे वापरा. मग होडी टबात घट्ट धरून मोटरी शून्यापासून पूर्ण वेगापर्यंत न्या आणि कोन वाचत राहा. माझा आधी ४० अंश हलत होता, नंतर जेमतेम दोन.

दुसरी चूक प्रोग्रॅममधली. जायचंय ५ अंशावर, नाक ३५५ वर. सरळ वजाबाकी केली तर उणे ३५० येतात आणि होडी उजवीकडे १० अंश वळण्याऐवजी डावीकडून गरगरा फिरते. फरक १८० पेक्षा जास्त आला तर ३६० वजा करा, उणे १८० च्या खाली गेला तर ३६० मिळवा. एवढंच, पण हे विसरलात तर होडी उत्तरेकडे कधीच धड जाणार नाही.

हे तपासायला पाणी लागत नाही. मोटरींच्या तारा काढा, होडी मोकळ्या मैदानात नेऊन हातात धरा आणि ठरवलेल्या बिंदूकडे चालायला लागा. मुद्दाम नाक उजवीकडे वळवा. स्क्रीनवर उजव्या मोटरचा आकडा वाढलाच पाहिजे. डावीचा वाढला तर प्रोग्रॅममधली अधिक-उणे चिन्हं उलटी आहेत. साध्या जीपीएसमध्ये दोन-तीन मीटर इकडेतिकडे होतं, म्हणून ‘पोहोचलो’ मानायचं वर्तुळ चार-पाच मीटरचं ठेवा. मी एक मीटर ठेवलं होतं, तेव्हा बिंदूभोवती घिरट्याच घालत बसलो.

पाण्यात सोडताना वारा तोंडावर येईल अशा काठावर उभे राहा. होडी बंद पडली तरी वाहत तुमच्याकडेच येईल. रिमोटचा संपर्क तुटला की मोटरी थांबतात का, हे काठाजवळच रिमोट बंद करून बघा. तीन सेलच्या लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीला १०.५ व्होल्टवर परत फिरायची आज्ञा द्या. पोहणारं कुणी जवळपास असेल तर त्या दिवशी होडी सोडूच नका, प्रोपेलरची पाती हाताची बोटं कापतात.

दर सेकंदाचं स्थान, कोन आणि दोन्ही मोटरींचे आकडे मेमरी कार्डवर लिहून घ्या. घरी येऊन नकाशावर काढा. रेघ नागमोडी आली तर वळणाचा गुणक (कोनातल्या फरकाला ज्याने गुणून मोटरींचा वेग ठरतो तो आकडा) निम्मा करा आणि दुसऱ्या दिवशी तोच मार्ग पुन्हा चालवा.