लेकरांना घेऊन उपासनेला कसं बसावं

"रडायला लागलं तर बाहेर न्या हं," असं ऐन प्रार्थनेत कुणीतरी माझ्या सुनेला सुनावलं. पुढचे तीन रविवार ती देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, आलीच नाही.

शब्बाथशाळा, म्हणजे लेकरांची रविवारची धर्मशिक्षणाची शाळा, हवीच, मी स्वतः शिकवलीय. पण ती उपासनेच्या आधी भरावी, उपासनेच्या वेळी नको. 1780च्या सुमारास इंग्लंडात रॉबर्ट रेक्स यांनी असल्या शाळा काढल्या त्या आठवडाभर कामाला जुंपलेल्या पोरांना वाचायला यावं म्हणून. मोठ्यांना निवांत उपदेश ऐकता यावा म्हणून नव्हे.

तर, पुढे बसा. मागच्या बाकावरून लेकराला दिसतं काय, पाठी आणि अंबाडे! कडेची जागा धरा, शू लागली तर कुणाचे पाय तुडवावे लागत नाहीत. बाहेर नेलं तर परत आणायचं मात्र.

फळ्यावरचा गीताचा नंबर 'उपासना संगीत' या गीतांच्या पुस्तकात शोधायचं काम माझ्या नातवाचं. त्याला वाचता येत नाही, आकडे येतात. मग मी ओळीखालून बोट फिरवते. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं भजन असलं की ध्रुपद तो लगेच उचलतो. झांज हातात देऊ नका. मी एकदा दिली होती.

प्रभूची प्रार्थना घरी, रोज झोपताना म्हणून घ्या. देवळात सगळ्यांनी एकदम 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' सुरू केलं तेव्हा हा माझ्याकडे वळून म्हणाला, "आजी, यांना पण येते?"

दानाचं नाणं त्याच्याच मुठीत राहू दे, घामेजलं तरी.

खरा घाट उपदेशाचा. कागद-पेन्सिल द्या, 'येशू' ऐकू आलं की एक रेघ. मोबाइल नको, वेफरची पुडी तर नकोच, तिचा आवाज थेट पाळकांपर्यंत जातो. झोपलं तर झोपू द्या. बायबलातलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय 20 वाचा: प्रेषित पौलाचं बोलणं लांबलं आणि खिडकीत बसलेला युतुख झोपेत तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. आपलं तर मांडीवरच आहे.

प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस देताना, "मला का नाही?" येणारच. आमच्याकडे दृढीकरणानंतर, म्हणजे स्वतःच्या तोंडानं विश्वास कबूल करण्याच्या विधीनंतर, मिळतं, तेवढं कानात सांगा.

आणि शेजारच्यांनो, वळून बघू नका. जरा सरका, जागा द्या.