लाइट गेल्यावर रोमिओ-ज्युलिएट कसं ऐकायचं

आमच्या रत्नागिरीत आषाढात लाइट कधी जाईल नेम नाही, म्हणून रशियन संगीतकार चायकोव्हस्कीचं रोमिओ अँड ज्युलिएट (शेक्सपिअरच्या नाटकावरची, नुसत्या वाद्यांची रचना) मोबाइलवर आधीच उतरवून ठेवा, साधारण 20 मिनिटांचं आहे. गोष्ट माहीत नसेल तर आधी वाचून घ्या. हेडफोन हवाच हां, पत्र्यावर पाऊस असला तर सुरुवात ऐकूच येत नाही, क्लॅरिनेट आणि बॅसून ही फुंकवाद्यं अगदी हळू वाजतात, देवळातल्यासारखं गंभीर, तो गोष्टीतला पाद्री. मग एकदम धांदल, झांजा, म्हणजे दोन घराण्यांची मारामारी (भाऊबंदकी आपल्याला काय नवीन!). ती ओसरली की इंग्लिश हॉर्न (हेही फुंकवाद्यच) आणि व्हायोला (व्हायोलिनचा थोरला भाऊ) मिळून जी सुरावट घेतात तेच प्रेम. ती गुणगुणता येईपर्यंत मागे घेऊन 2-3 वेळा ऐका, कारण नंतर ती भांडणात सापडते आणि शेवटी नगाऱ्यासारखे ठोके पडतात, तेव्हा तिचं काय झालंय ते कळायला आधी ओळख हवी ना.

याचं पक्कं रूप 1880 चं, आणि त्याच वर्षी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं संगीत शाकुंतल रंगभूमीवर आलं. दुसऱ्या रात्री त्यातली पदं लावा, आजीला शेजारी बसवून.