जुन्या भूकंपाचं केंद्र शोधताय? ‘गाव भुईसपाट झालं’ या वाक्यापाशी थांबा

आधी शब्दांचा घोळ मिटवा. बातम्यांतली ‘तीव्रता’ म्हणजे मॅग्निट्यूड, भूकंपात मोकळ्या झालेल्या ऊर्जेचं माप. तो अख्ख्या भूकंपाला एकच. जुन्या पत्रांतून, दप्तरांतून आपण काढतो ती त्या त्या गावची तीव्रता, म्हणजे तिथे किती जोरात हादरलं ते, १ ते १२ च्या पट्टीवर.

भलेभले अडकतात ते एका ओळीत: ‘गाव भुईसपाट झालं.’ ती वाचून ११ किंवा १२ लिहू नका. घरं कसली होती? ईएमएस-९८ या तीव्रता मोजायच्या युरोपीय श्रेणीत दगडगोट्यांची घरं सर्वांत कमकुवत ‘ए’ वर्गात येतात. त्यांतली बरीच पूर्ण कोसळली तर तीव्रता ९, बहुतेक कोसळली तर १०. त्यापुढे ही घरं काहीच सांगू शकत नाहीत, कारण पडायला काही उरलेलंच नसतं. अशा नोंदीपुढे ‘९ किंवा जास्त’ एवढंच लिहा. दुसरा प्रश्न: कितीपैकी किती? शेतसारा माफ करून घ्यायला लिहिलेल्या अर्जातली भुईसपाट गावं आणि ‘३०० पैकी ४० घरं पडली’ ही यादी, यांचं वजन सारखं नाही. एकटा मनोरा किंवा देऊळ पडलं, त्यावरून गावाची तीव्रता ठरवूच नका.

जमिनीच्या भेगाही फसवतात. १९३४ साली बिहारमध्ये मऊ गाळाची जमीन लांबलचक पट्ट्यात खचली. केंद्र पुढे ठरलं ते पूर्व नेपाळात, एव्हरेस्टच्या दक्षिणेला. जुने आकडेही तसेच. हिमाचलातल्या कांगड्याच्या १९०५ च्या भूकंपाला कित्येक वर्षं ८ च्या वरचा मॅग्निट्यूड चिकटला होता, फेरतपासणीत तो ७.८ वर आला. म्हणून जुन्या भूकंपसूचीतला आकडा उचलणं हा शॉर्टकट मला मुळीच मान्य नाही. तो सुचवणाऱ्या मार्गदर्शकापेक्षा मूळ कागद वाचायला बसवणारा बरा.

घाबरू नका, पुढचं गणित सोपं आहे. नकाशावर जाळी आखा. जाळीचा प्रत्येक बिंदू केंद्र मानून, अंतरानुसार तीव्रता कशी घटते त्या सूत्राने प्रत्येक गावावरून मॅग्निट्यूड काढा. सगळ्या गावांची उत्तरं जिथे सर्वांत जास्त जुळतात तो तुमचा बिंदू. सरासरी हा मॅग्निट्यूड. सूत्र मात्र त्याच प्रदेशातल्या, यंत्रांवर नोंदलेल्या भूकंपांवरून बसवलेलं हवं. परक्या प्रदेशाचं वापरलंत तर सगळी मेहनत पाण्यात. नीट तपासलेली १२ गावं ऐकीव १०० गावांपेक्षा भक्कम उत्तर देतात.

एकाच बातमीच्या चार नकला चार नोंदी म्हणून मोजू नका. ‘धक्का जाणवला नाही’ असं कोणी लिहिलं असेल तर ते जपून ठेवा, केंद्र आवळायला त्याचा फार उपयोग होतो. ज्या गावाबद्दल कागदच नाही त्याची जागा रिकामी ठेवा, तिथे शून्य भरू नका.