जुने गेम खेळा, पण या चुका टाळा

‘इम्युलेटर बेकायदेशीर असतो का हो भाऊ?’ नसतो. इम्युलेटर म्हणजे जुन्या गेम मशीनची नक्कल करून तिचे गेम कॉम्प्युटरवर चालवणारा प्रोग्राम. सोनीने कनेक्टिक्स कंपनीच्या प्लेस्टेशन इम्युलेटरवर मिळवलेली बंदी अमेरिकेतल्या अपील कोर्टाने २००० सालीच उठवली. लोक घसरतात ते गेमच्या फाइलवर, म्हणजे रॉमवर.

सगळ्यात लाडकी चूक: ‘आमच्याकडे कॅसेट होती ना!’

प्रतापनगरचा एक पोरगा वडिलांची पिवळी पडलेली व्हिडिओ गेमची कॅसेट घेऊनच माझ्याकडे आला. वरती मारिओ, खाली ‘९९९९ इन १’. ही दाखवली की हवे ते रॉम उतरवायची मुभा, असा त्याचा ठाम समज. मी स्क्रू काढले. आत बोटभर हिरवी पट्टी आणि तिच्यावर काळा, डांबरासारखा ठिपका. मारिओ बनवणाऱ्या निन्टेन्डोचं नावसुद्धा नाही. सीताबर्डीच्या फुटपाथवर घेतलेला तो मालच मुळात नकली होता. ‘काहून? बाबांनी पैसे दिले होते ना!’ दिले असतील, पण ते निन्टेन्डोला पोचले नाहीत.

समजा कॅसेट अस्सल आहे. आपल्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ सांगतं की कायदेशीर प्रत ज्याच्याकडे आहे, त्याने ती खराब होईल या भीतीने बॅकअप काढला तर चालतो. तिसऱ्याच माणसाने नेटवर चढवलेली फाइल हा तुमचा बॅकअप कसा होईल? मी अस्सल कॅसेट कार्ट्रिज रीडरला, म्हणजे कॅसेट वाचणाऱ्या यंत्राला, लावून स्वतः फाइल काढतो. वेळ जातो, पिना पुसाव्या लागतात. ज्यांना दोन मिनिटांत कॉन्ट्रासारखा गेम हवा असतो, त्यांना हे पटत नाही.

‘कंपनी बुडाली, आता विचारतो कोण?’ हडसन सॉफ्ट ही गेम कंपनी २०१२ मध्ये कोनामी या दुसऱ्या गेम कंपनीत विलीन झाली, तिच्याबरोबर तिचा बॉम्बरमॅन हा गेमही कोनामीकडे गेला. कंपनी गेली तरी हक्क कुणाच्या ना कुणाच्या खिशात असतातच. आपल्याकडे ते लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षं चालतात, आणि नाण्यावर चालणारे पहिले व्हिडिओ गेम आले १९७१ मध्ये. करा हिशेब.

‘चोवीस तासांत डिलीट केलं की चालतं.’ असं कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही.

प्लेस्टेशनची बायोस फाइल, म्हणजे मशीन सुरू करणारा प्रोग्राम, तीही सोनीचीच. ती ‘फक्त सिस्टिम फाइल’ म्हणून सुटत नाही.

उतावळ्यांची खास चूक म्हणजे रॉमच्या नावाखाली .exe, म्हणजे विंडोजवर थेट चालणारा प्रोग्राम, चालवणं. सुपर मारिओ ब्रदर्सची अख्खी फाइल ४० केबीच्या आसपास भरते. तुमच्या हातात ६० एमबीचा ‘इन्स्टॉलर’ आला तर उरलेल्या जागेत काय भरलंय, हा प्रश्न क्लिक करायच्या आधी पडायला हवा. अँटिव्हायरस बंद करा असं साइट सांगते आणि पोरं निमूटपणे करतात! मग लॅपटॉप फॉरमॅटला माझ्याकडे.

डाउनलोड केलेले गेम डब्यात भरून विकणं किंवा कॅफेत तासावर लावणं, हे तर करूच नका. कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड आहे. घरी खेळणाऱ्यासाठी कलम ६३ब आहे. जाणूनबुजून चोरीची प्रत वापरली आणि धंदा केला नाही, तर कोर्ट कैद टाळून ५० हजारांपर्यंत दंडावर सोडू शकतं. ‘सोडू शकतं’ नीट वाचा.

कॉन्ट्राच हवा असेल तर कोनामीचा २०१९ चा संग्रह स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात विकत मिळतो, सेलची वाट बघा. फुकटच हवं असेल तर जुने गेम चालवणाऱ्या स्कमव्हीएम या प्रोग्रामच्या स्वतःच्या साइटवर ‘बिनीथ अ स्टील स्काय’ हा गेम आहे, हक्कधारकांनीच मोफत केलेला. त्यात धावणं कमी आणि बोलणं जास्त, तेही इंग्रजीत. कंटाळा येणार असेल तर आत्ताच सांगून ठेवतो.