वर्क ऑर्डरवर लवादाची अट असेल तर

भोसरीत माझं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. एका शेडचं काम पूर्ण करून दिलं आणि शेवटच्या बिलाचे साडेसात लाख अडकले. मी सरळ दिवाणी दावा लावला. समोरच्या वकिलांनी वर्क ऑर्डरच्या मागच्या पानावरची बारीक ओळ दाखवली: वाद झाल्यास लवाद, ठिकाण पुणे. म्हणजे वाद कोर्टाऐवजी तटस्थ माणसाने सोडवायचा; त्या माणसालाही लवादच म्हणतात. 1996 च्या लवाद कायद्याच्या कलम 8 खाली कोर्टाने आम्हाला लवादाकडे पाठवलं. चौदा महिने फुकट गेले. म्हणून आधी मागचं पान वाचा.

अट असेल तर पहिलं काम नोटिशीचं. कलम 21 प्रमाणे ती समोरच्याच्या हाती पडते त्या दिवसापासून लवाद सुरू झाला असं धरतात, म्हणून पोचपावती सांभाळा. वाद काय, रक्कम किती, लवाद म्हणून कोणाचं नाव सुचवता, हे त्यात लिहा. ‘लवाद आमचे संचालक नेमतील’ असं छापलेलं असलं तरी दबू नका. निकालात ज्याचा हितसंबंध आहे त्याला एकट्याने लवाद नेमता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये पर्किन्स ईस्टमन प्रकरणात सांगितलं आहे. 30 दिवसांत नाव ठरलं नाही तर कलम 11 खाली हायकोर्टात अर्ज करा. तिथे मुख्यतः लवादाचा करार आहे का, एवढंच पाहतात. बिल खरं की खोटं, ते लवादाने ठरवायचं.

समोरचा मालमत्ता विकायला निघाला असेल तर कलम 9 खाली कोर्टाकडून मनाई मिळू शकते. पण आदेशानंतर 90 दिवसांत, किंवा कोर्टाने वाढवून दिलेल्या मुदतीत, लवाद सुरू झालाच पाहिजे.

खरी मेहनत घ्या ती पुराव्यावर. मला वाचवलं ते साइट इंजिनिअरच्या सह्या असलेल्या मोजमाप वहीने आणि डिलिव्हरी चलनांनी. ही कागदं लवादासमोर ठेवायची राहिली तर पुढे इलाज नाही, कारण कलम 34 खाली निवाड्याला, म्हणजे लवादाच्या निकालाला, कोर्टात आव्हान दिलं तरी कोर्ट पुरावा नव्याने तोलत नाही. लाच, पक्षपात, बाजू मांडायची संधीच न मिळणं, अशी मोजकीच कारणं तिथे चालतात.

आव्हानाची मुदत निवाड्याची प्रत मिळाल्यापासून तीन महिने. सबळ कारण असेल तर आणखी 30 दिवस, त्यापुढे एकही नाही. 2015 च्या दुरुस्तीपासून नुसतं आव्हान दिल्याने वसुली थांबत नाही, स्थगिती वेगळी मागावी लागते. प्रत ज्या पाकिटातून आली, ते पाकीटसुद्धा तारखेसकट फाइलला लावा.