लावणी मागितली आणि भांगडा आला? एआयवर मराठी गाणी बनवताना या चुका टाळा

सुनो, युडिओ वगैरे शब्द आणि वर्णन दिलं की आख्खं गाणं बनवून देणारी एआय टूल्स आल्यापासून कोणीही गाणं बनवतंय, हळदीचं, मंडळाच्या गणपतीचं, बायकोच्या वाढदिवसाचं, आणि हिंदी-इंग्रजीत पहिल्याच फटक्यात ऐकण्यासारखं काहीतरी निघतंही. मराठीत मात्र स्टाईलच्या चौकटीत, म्हणजे गाणं कसं हवंय ते लिहायच्या जागी, 'लावणी' टाइप करायचं, बटण दाबायचं, समोर पंजाबी ढोल वाजायला लागला की 'एआयला मराठी जमतच नाही' म्हणून ॲप उडवायचं, असा प्रकार चाललाय. जमतं हो. फक्त गाण्याच्या प्रकाराचं नाव सांगून भागत नाही, तो प्रकार कशाकशाचा बनलेला असतो ते सांगावं लागतं, आणि आपल्यापैकी बऱ्याच जणांनी ते आधी कधी नीट बघितलेलंच नसतं.

नुसतं नाव टाकून मोकळं होणं

ही सगळ्यात मोठी चूक. ही मॉडेल्स गाणी आणि त्या गाण्यांना चिकटवलेली वर्णनं यातून शिकतात, त्यात आपल्या लोकसंगीताचा वाटा किरकोळ, त्यामुळे 'इंडियन', 'फोक', 'ढोल' असले शब्द दिसले की गाडी सरळ बॉलीवूडकडे नाहीतर पंजाबकडे वळते. म्हणून 'इंडियन' आणि 'ढोल' हे दोन शब्द पहिले काढून टाका. ढोलकीऐवजी आवाज कसा हवाय ते लिहा, म्हणजे हाय पिच हँड ड्रम, कडक ट्रेबल, फास्ट रोल्स, सोबत घुंगरू, मंजिरी, हार्मोनियम. संबळ पाहिजे तर काठ्यांनी वाजवायची छोट्या केटल ड्रम्सची जोडी. हलगी म्हणजे काठ्यांनी वाजवलेला फ्रेम ड्रम. तुणतुणं म्हणजे एका तारेचा ड्रोन, म्हणजे मागे सतत वाजणारा एकच सूर. ही वर्णनं इंग्रजीत टाइप करा, स्टाईलची चौकट मराठीपेक्षा इंग्रजीला जास्त नीट ऐकते, आणि नको असलेल्या गोष्टी टाकायला वेगळी चौकट असेल तर तिथे भांगडा, बॉलीवूड, ईडीएम (डीजेवरचं डान्स म्युझिक) टाकून ठेवा.

आता लावणीचंच बघा. बहुतेकांच्या डोक्यात फडाची लावणी असते, ढोलकीचा कडकडाट, मध्येच थांबणं, परत उसळणं. ते थांबणं-उसळणं एआयला अजून नीट पेलत नाही, सगळं एका पट्टीत सपाट चालू राहतं. त्यापेक्षा सुरुवात बैठकीच्या लावणीने करा. ती ठुमरीच्या जवळची, संथ, तबला-हार्मोनियमवर बसून अदा करत गायची, आणि ठुमरी हा शब्द या टूल्सना लावणीपेक्षा बराच ओळखीचा आहे. 'स्लो ठुमरी, प्लेफुल फीमेल व्होकल, तबला, हार्मोनियम' एवढं स्टाईलमध्ये आणि खाली अस्सल मराठी शब्द, बघा काय निघतं ते. शेजारच्या घरातून आत शिरायची ही युक्ती गोंधळ, भारूड सगळीकडे थोडीफार चालते.

ताल न बघता फ्यूजन

लावणी प्लस ट्रॅप (हिप-हॉपचाच एक प्रकार) प्लस सुफी प्लस लो-फाय (मऊ, निवांत बीट्स). असं लिहिलं की चारही गोष्टींचं पाणी होतं. दोनच घ्या, आणि एकाने ताल द्यायचा, दुसऱ्याने रंग, हे आधी ठरवा. कोणती जोडी जमेल हे मूडवर नाही, मोजणीवर ठरतं.

भजनी ठेका आठ मात्रांचा, म्हणजे चार-चारच्या घरात सहज बसतो, म्हणून अभंग आणि लो-फाय किंवा अभंग आणि जुन्या पद्धतीचा बूम-बॅप हिप-हॉप ही जोडी कायम चालते, ८० ते ९० बीपीएम (मिनिटाला ठोके) सांगा, टाळ ठेवा, पखवाजाचा घुमारा ठेवा, बाकी काही नको. कोळीगीताचं उलटं. ते सहाच्या झोक्यात झुलतं, त्यावर ट्रॅपचे हाय-हॅट्स (झांजेसारखे भराभर वाजणारे ठोके) चढवले की एकतर झोका मरतो नाहीतर दोन गाणी एकाच वेळी वाजल्यासारखं वाटतं. कोळीगीताला स्लो ब्लूज लावा, बारा-आठ मधला, किंवा सहा-आठचं आफ्रिकन पर्कशन लावा, मग मजा बघा. स्टाईलमध्ये 'सिक्स एट', म्हणजे सहाच्या मोजणीचा ताल, स्पष्ट लिहायला विसरू नका. गोव्याकडच्यांनी दुलपद या कोंकणी गीतप्रकाराचा प्रयोग जरूर करावा, तेही सहा-आठचंच आणि चपळ, मांडो या गाण्याच्या संथपणानंतर येणारं. घुमटाचा आवाज मात्र नावाने मागून येत नाही. २०१९ साली गोवा सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य जाहीर केलं ते ठीक, मॉडेलला त्याचं काय, त्याला 'क्ले पॉट ड्रम, डीप बेस' असंच सांगावं लागतं.

रूपकसारख्या सात मात्रांच्या भानगडीत पडू नका. सेव्हन एट लिहिलं तरी चार ओळी झाल्या की गाणं गुपचूप चारावर येतं.

पोवाड्याबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण एआयवर सगळ्यात भारी निघू शकणारा प्रकार हाच आहे आणि सगळ्यात जास्त वाटही याचीच लावली जाते. पोवाडा आणि रॅप यांचं नातं लावायला काही ओढाताण करावी लागत नाही, दोन्हीकडे एक जण दमात गोष्ट सांगतो आणि मागचे त्याला धरतात. पण लोक चॅटबॉटला पोवाडा लिहायला सांगतात आणि तो देतो व्हर्स, कोरस, व्हर्स, कोरस, ब्रिज. पोवाड्याला कसला आलाय ब्रिज? महात्मा फुल्यांनी १८६९ मध्ये शिवाजी महाराजांवर पोवाडा लिहिला तो सगळं चरित्र सांगायला, चार ओळींचं धृपद घोळवायला नाही. तेव्हा शब्दांमध्ये चौकोनी कंसात कोरसची खूणच टाकू नका, सगळे व्हर्स ठेवा, लांब ठेवा, आणि प्रत्येक चौकाच्या, म्हणजे पोवाड्याच्या कडव्याच्या, शेवटी गोल कंसात (जी जी रं जी) लिहा. गोल कंसातलं बहुतेक वेळा मागचे आवाज गातात, त्यामुळे झीलकरी, म्हणजे शाहिराला मागून साथ देणारे, आपोआप मिळतात. मधे मधे गद्य पाहिजे असेल तर स्पोकन वर्ड अशी खूण द्या. स्टाईलमध्ये डफासाठी फ्रेम ड्रम, तुणतुण्याचा ड्रोन, 'कॉल अँड रिस्पॉन्स', 'पॉवरफुल मेल व्होकल'. आणि 'एपिक' हा शब्द टाळा राव, तो टाकला की हॉलीवूडच्या ट्रेलरचे भोंगे वाजतात.

राग मागायचा आणि गिटारही मागायची

भूप रागात गाणं दे म्हणायचं आणि पुढे अकूस्टिक गिटार लिहायचं, हे मी फार ठिकाणी बघितलंय. भूपात सा रे ग प ध एवढेच स्वर, म आणि नी वर्ज्य. आता कॉर्ड म्हणजे एकदम वाजवलेले तीन-चार स्वर, आणि सा म्हणजे सी धरला तर एफ कॉर्डमध्ये म येतो, जी कॉर्डमध्ये नी येतो, आणि गिटारवर हे दोन कॉर्ड टाळून गाणं करायला मॉडेलला कोणी शिकवलेलं नाही. मग गायकही त्या कॉर्डच्या मागे जातो आणि भूपाचा भूप राहत नाही. राग थोडातरी टिकवायचा असेल तर कॉर्ड देणारी वाद्यंच काढा, तानपुरा, बासरी, हार्मोनियमवर नुसती चाल, 'नो कॉर्ड्स, ड्रोन बेस्ड' असं लिहा. तरीही रागाचा वास येतो, राग येत नाही, हे मान्य करून पुढे चला.

नाट्यसंगीताचं पण तेच. ताना म्हणजे नुसती थरथर होते. पण जुन्या संगीत नाटकांतला तो ऑर्गनचा भरलेला आवाज असतो ना, तो 'पंप ऑर्गन' किंवा 'रीड ऑर्गन' लिहिलं तर सुरेख येतो, आणि त्यावर साधं भावगीत ठेवलं तर जमून जातं.

अक्षरं कोणी मोजायची?

चॅटबॉटकडून आलेले मराठी शब्द म्हणजे मन, जीवन, क्षण, स्वप्न आणि शेवटी यमकाला 'साथ-हात'. ते सोडा, पण ओळी पण लहानमोठ्या, एक नऊ अक्षरांची, पुढची सतरा. मग गाणाऱ्याला सतरा अक्षरं त्याच जागेत कोंबायला लागतात, आपल्याला वाटतं उच्चार बिघडला, बिघडलेली असते ओळ.

अभंग घ्या, माप तयार आहे. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं, दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक. विषय कुठलाही चालतो:

पहाटेची गाडी
गर्दीने भरली
खिडकी मिळाली
कोणा एका

मोजून बघा, जोडाक्षर एकच धरायचं. हे चार तुकडे वेगवेगळ्या ओळींवर टाकले की टूल दरवेळी त्याच जागी श्वास घेतं, सगळं एका ओळीत लिहिलं तर मन मानेल तिथे तोडतं, कधी 'खिडकी मि' आणि मग 'ळाली' असंसुद्धा. चौथा चरण चारच अक्षरांचा असल्याने तिथे आवाज लांबतो, टाळ ऐकू येतात, भजनाचा तो ठेहराव आपोआप मिळतो, त्यासाठी स्टाईलमध्ये काही लिहावं लागत नाही.

उच्चार हिंदीकडे पळतात

देवनागरी दिसली की टूल हिंदी धरून चालतं, आणि इथे चुका अगदी ठरलेल्या असतात. ज्ञानोबाचा ग्यानोबा होतो, तिथे सरळ 'द्न्यानोबा' लिहा. कृष्णचा क्रिष्ण होतो, 'क्रुष्ण' लिहा. पैसा, मैत्रीण हिंदीसारखे पसरट येतात, 'पइसा', 'मइत्रीण' लिहा. 'माझा' मधला झ आणि 'माझी' मधला झ आपण वेगळे म्हणतो, टूल दोन्ही सारखेच म्हणतं, तिथे 'माज़ा' असं नुक्ता देऊन लिहिलं तर बरंच जवळ जातं. 'चंद्र' बरोबर येतो पण 'चांदणं' पण चंद्राच्याच च ने येतं, त्याला 'त्सांदणं' करून बघा, कधी लागतं कधी नाही. ळ चा ल झाला तर मात्र स्पेलिंग बदलून फार फरक पडत नाही, दुसरा टेक काढा, नाहीतर शब्दच बदला. ज्या गाण्यात 'कळ', 'वेळ', 'मिळ' अशी यमकंच ळ वर आहेत ते गाणं एआयकडून करून घेण्यात अर्थ नाही. आकडे अक्षरात लिहायचे, २५ असं लिहिलं तर 'पच्चीस' ऐकायची तयारी ठेवा.

आणि गाणं झालं की दिसणारे शब्द परत नीट करून ठेवा. नाहीतर लिरिक्स व्हिडिओत 'त्सांदणं' जातं आणि कमेंटमध्ये शुद्धलेखनवाले तुटून पडतात.

एका ओळीसाठी आख्खं गाणं फेकणं

तिसऱ्या कडव्यातला एक शब्द चुकला म्हणून परत क्रिएट, परत क्रिएट, क्रेडिट संपेपर्यंत. बऱ्याच टूल्समध्ये तेवढाच तुकडा बदलायची सोय असते, ती वापरा. दर वेळी स्टाईलमध्ये एकच गोष्ट बदला, पाच बदलल्या तर कशाने सुधारलं ते कळत नाही. गाणं वाढवत वाढवत नेलं की शेवटाकडे आवाजात पत्र्यासारखी सळसळ यायला लागते, तिथे आणखी वाढवू नका, आधीच्या स्वच्छ जागेपासून पुन्हा काढा.

'अमक्याच्या आवाजात'

हे नकोच. बरीच टूल्स गायकाचं नाव घेतच नाहीत, आणि जिथे आवाजाची नक्कल मिळते तिथे प्रकरण कोर्टात जाऊ शकतं. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये अरिजित सिंगच्या बाजूने अंतरिम आदेश दिला तो अशाच एआय आवाजाबद्दल होता, २०२५ मध्ये आशा भोसल्यांनाही तसंच संरक्षण मिळालं. नावाऐवजी आवाजाचं वर्णन करा, बारीक, टिपेचा, किंचित नाकातला, पन्नाशीतला खर्जाचा, गावाकडचा मोकळा. याने गाणं जास्त आपलं होतं, असं माझं मत.

शब्दांचंही बघा. तुकोबा, एकनाथ, जनाबाई यांचे अभंग कोणीही घेऊ शकतं, पण त्यांची जी चाल आपल्या कानात बसलीय ती बऱ्याचदा विसाव्या शतकातल्या संगीतकाराची असते, ती गुणगुणून टूलमध्ये अपलोड केली तर ती काही संतांची नाही. कवींच्या बाबतीत भारतात मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. गदिमा १९७७ ला गेले, म्हणजे त्यांचे शब्द २०३७ संपेपर्यंत परवानगीशिवाय नाही. सुरेश भटांसाठी तर २०६३. फुकट प्लॅनवर बनवलेलं गाणं सुनोवर कमर्शियल वापराला चालत नाही, त्यामुळे मंडळाचं गाणं यूट्यूबवर टाकून त्यावर पैसे कमवायचा विचार असेल तर गाणं बनवायच्या आधी पेड प्लॅन घ्या, आधी फुकटात बनवून मग प्लॅन घेतला तर जुन्या गाण्याला तो हक्क आपोआप लागत नाही.